चालता चालता बोलणे: मल्टिपल स्क्लेरोसिस, सराव आणि विभागलेले अवधान

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या क्षमतांची नेहमी गल्लत केली जाते. नवी हालचाल शिकण्याची क्षमता ही एक, आणि शिकलेली हालचाल दुसऱ्या एखाद्या कामाच्या जोडीने पार पाडण्याची क्षमता ही दुसरी. पहिली बऱ्याच अंशी शाबूत राहते. दुसरी मात्र, चालण्यात बाहेरून फारसा दोष दिसत नसतानाही, खचू लागलेली असू शकते. घरात पडणे, तव्यावर हात भाजणे, भरलेला पेला हातातून निसटणे अशा पुष्कळ प्रसंगांचे मूळ स्नायूंच्या अशक्तपणाइतकेच या दुसऱ्या क्षमतेत असते, आणि ती तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले. शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टितंतू यांमधील तंतूंभोवतीच्या मायलिन या स्निग्ध आवरणावर हल्ला करते, त्यामुळे संदेश मंदावतात, विस्कळीत होतात किंवा वाटेतच थांबतात. आजार बहुधा वयाच्या 20 ते 40 वर्षांदरम्यान, म्हणजे ऐन कमावत्या वयात प्रकट होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक असते, आणि जगभरात 28 लाखांहून जास्त लोक त्यासह जगत आहेत. भारतात तो विरळ समजला जातो, तथापि डॉ. नदीर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या पारशी समाजाच्या पाहणीत त्याचे प्रमाण इतर भारतीयांविषयीच्या तेव्हाच्या अंदाजांपेक्षा बरेच जास्त आढळले होते. पारशांची जुनी वस्ती असलेल्या सुरत-नवसारी पट्ट्यात हा निष्कर्ष परका वाटण्याचे कारण नाही.

सुरतेतील मराठी माणसाच्या संदर्भात मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने आलेली हजारो खानदेशी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांची उपजीविका कापडधंद्यावर चालते. यंत्रमागाच्या खात्यात काम करणारा कारागीर एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवतो. एका मागावर तुटलेला ताण्याचा धागा चिमटीत धरून गाठ मारत असताना त्याचा कान पाठीमागच्या मागाच्या बदललेल्या आवाजाकडे असतो, पाय अरुंद वाटेतून तेलकट फरशीवर मार्ग काढत असतात, आणि मुकादमाने ओरडून सांगितलेला निरोपही त्याला त्या खडखडाटात ऐकावा लागतो. घरी बसून साडीला लेस किंवा टिकल्या लावणाऱ्या स्त्रीचे हात कामात, डोळे चुलीवर आणि लक्ष मुलांच्या अभ्यासावर असते. ज्या शहराची मजुरीच अशी विभागलेल्या अवधानावर उभी आहे, तेथे हा आजार पायांतली ताकद ओसरण्यापूर्वीच रोजगारावर घाला घालू शकतो.

हालचाल शिकणे, ज्याला शास्त्रीय परिभाषेत कारक अध्ययन म्हणतात, त्याचे पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी 1967 मध्ये तीन टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात शिकणारा प्रत्येक कृती विचारपूर्वक करतो, दुसऱ्यात चुका कमी होत जाऊन हालचाली एकमेकींना जोडल्या जातात, आणि तिसऱ्यात ती कृती अंगवळणी पडते, म्हणजे तिच्यासाठी जाणीवपूर्वक लक्ष जवळजवळ लागत नाही. या शिक्षणाची साठवण घटना व नावे लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीपेक्षा निराळी असते, हे ब्रेंडा मिल्नर यांनी 1962 मध्ये दाखवून दिले. शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणारे हेन्री मोलेसन आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्यात दिवसागणिक तरबेज होत गेले, आणि तरीही आपण हे पूर्वी केले आहे याचे त्यांना स्मरण नसे. विस्मरणाची तक्रार असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला “आता काही नवे शिकणे जमायचे नाही” असे सांगणारे नातेवाईक हा भेद जाणत नाहीत. व्हॅलेंटिना टोमासिनी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर डोळा व हात यांच्या समन्वयाच्या कामात सरावाने होणारी सुधारणा अधिक अपंगत्व असलेल्या रुग्णांमध्येही टिकून असल्याचे आढळले.

मग बिघडते ते काय? विख्यात चेलोवादिका जॅकलीन द्यू प्रे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. 1973 मध्ये त्यांच्या आजाराचे निदान झाले, परंतु त्याआधीच बोटांची संवेदना हरपल्यामुळे तारेवर बोट कोठे पडते आहे हे त्यांना डोळ्यांनी पाहून ठरवावे लागत होते आणि हातातील गजाचे वजन अजमावणे कठीण झाले होते. बालपणापासून अंगवळणी पडलेले कौशल्य त्या विसरल्या नव्हत्या. ज्या संवेदनांच्या आधारावर ते आपोआप चालत होते त्या संवेदना आटल्याने ते पुन्हा पहिल्या, विचारपूर्वक करण्याच्या टप्प्यावर ढकलले गेले. सामान्य रुग्णाच्या चालण्याचेही असेच होते. तळपायाकडून येणारी खबर पुसट झाली की पाऊल टाकणे हे लक्ष देऊन करायचे काम बनते, आणि त्याच वेळी माहितीवर प्रक्रिया करण्याचा मेंदूचा वेग मंदावलेला असला, जो या आजारातील बौद्धिक बदलांपैकी सर्वांत जास्त आढळणारा बदल आहे, तर मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला अशी दुहेरी अडचण उभी राहते. डॅनियल कानेमान यांनी 1973 मध्ये अवधान हे मर्यादित भांडवल असल्याचा सिद्धांत मांडला, तो येथे अक्षरशः लागू पडतो.

दोन कामे एकत्र केल्याने कामगिरीत जी घट होते तिला दुहेरी कामाची किंमत म्हणता येईल. जे अंतर एखादी व्यक्ती गप्प राहून 10 सेकंदांत चालते, तेच अंतर शंभरातून सात-सात वजा करत चालताना तिला 13 सेकंद लागले, तर ही किंमत 30 टक्के झाली. निरोगी माणसालाही ती मोजावी लागते; फरक एवढाच की त्याच्याजवळ शिल्लक भरपूर असते. शिवाय ही किंमत नेहमी पायांतूनच वसूल होते असे नाही, कारण काही रुग्ण चाल टिकवून ठेवतात आणि वजाबाकी चुकतात किंवा मध्येच सोडून देतात. म्हणूनच केवळ चालण्याची वेळ मोजणारी परीक्षा अशा रुग्णाला निर्धोक ठरवून मोकळी होते. स्वीडनमधील वृद्धांच्या 1997 सालच्या एका प्रसिद्ध पाहणीत, बोलायला लागताच चालणे थांबवणाऱ्या व्यक्तींना पुढील काळात पडण्याचा धोका अधिक असल्याचे दिसून आले होते. थांबणे हे त्या धोक्याचे लक्षण होते; पण दोनपैकी एक काम सोडून तोल सांभाळण्याची ती शहाणी तडजोडही असते, आणि रुग्णाने ती संकोच न बाळगता उचलावी.

प्रस्तुत लेखक या आजारासह सुरतेत राहतो, आणि या विवेचनामागे त्याचा स्वतःचा अनुभव आहे. तपासणीच्या खोलीत 25 फूट अंतर चालण्याच्या प्रमाणित चाचणीत त्याची वेळ समाधानकारक भरली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मे महिन्यातील दुपारी, रेल्वेच्या पादचारी पुलाच्या जिन्यावरून एका हातात पिशवी घेऊन उतरत असता, गाडी कोणत्या फलाटावर येणार असे फोनवर विचारणाऱ्या नातेवाइकाला उत्तर देण्याच्या क्षणी त्याची पायरी चुकली आणि मनगटाचे हाड मोडले. चाचणीतील आकडा खरा होता, पण तो सपाट, शांत आणि वातानुकूलित खोलीतला होता. जिना, पिशवी, प्रश्न आणि उकाडा यांपैकी काहीच त्या खोलीत नव्हते. या प्रसंगानंतर डाव्या हाताने जेवायला शिकणे त्याला अपेक्षेहून सोपे गेले, मात्र जेवताना कोणी बोलू लागले की घास ताटात सांडत असे. एकाच माणसाच्या एकाच हातात दोन्ही क्षमता अशा शेजारी शेजारी दिसल्या.

उकाड्याचा उल्लेख सहज आलेला नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी 1890 मध्ये परिश्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावत असल्याची नोंद केली, आणि शरीराचे तापमान वाढणे हे त्यामागचे कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आवरण गमावलेल्या तंतूतून संदेश आधीच जेमतेम पार होत असतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची वाढही त्याला रोखण्यास पुरेशी ठरू शकते. समुद्राजवळच्या सुरतेच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि यंत्रमागाच्या खात्याच्या पत्र्याखाली तर दुपारचा काळ असह्य होतो. उष्णतेने वाढलेला त्रास शरीर थंड झाल्यावर ओसरतो. पण नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर तो उन्हाचा परिणाम समजून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. ताप किंवा लघवीतील जंतुसंसर्ग यांमुळेही जुनी लक्षणे उफाळतात, हे ध्यानात ठेवावे.

सरावाचा क्रम या सर्व विवेचनातून आपोआप ठरतो. आधी एकच काम, मग त्याच्या जोडीला अगदी हलके दुसरे काम. पहाटेच्या गारव्यात घराच्या ओट्यावर नुसते चालणे, काही दिवसांनी चालताना वारांची नावे उलट क्रमाने म्हणणे, त्यानंतर हातात अर्धा भरलेला पेला धरून चालणे, असे टप्पे घेता येतात, मात्र भिंत किंवा सोबतीचा माणूस हाताच्या अंतरावर हवा. थकवा येण्याआधी थांबावे, कारण थकलेल्या अवस्थेत तोल जाण्याचा धोका वाढतो आणि पुढचा दिवसही वाया जातो. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की एकच हालचाल ओळीने घोकणाऱ्यांची प्रगती त्या वेळी चांगली दिसते, पण हालचालींचा क्रम सरमिसळ ठेवून सराव करणाऱ्यांना ते कौशल्य पुढे अधिक टिकते. हा प्रयोग निरोगी लोकांवरचा असल्याने सुरुवातीच्या घोकंपट्टीला रुग्णाने अगदीच फाटा देऊ नये. मात्र प्रगतीचा निवाडा सरावाच्या शेवटच्या फेरीवरून करण्याऐवजी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेरीवरून करावा, हे सर्वांनाच लागू आहे.

घरच्या माणसांसाठीही यात धडा आहे, आणि तो पाळणे त्यांना फार जड जाते. “पाय उचल, पाय उचल” असा पावलागणिक पुकारा करणारा मुलगा आईला मदत करतो आहे असे त्याला वाटत असले, तरी तो तिच्या अपुऱ्या अवधानावर आणखी एक ओझे टाकत असतो. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांच्या 1984 सालच्या समीक्षेनुसार सतत मिळणाऱ्या सूचनांवर शिकणारा विसंबू लागतो आणि सूचना थांबल्या की कामगिरी ढासळते. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातून असेही पुढे आले आहे की स्वतःच्या अवयवापेक्षा बाहेरच्या खुणेवर लक्ष ठेवल्यास हालचाल अधिक सहज होते. तेव्हा सांगायचेच असेल तर फेरी संपल्यावर सांगावे, आणि “पुढच्या लादीच्या रेषेपलीकडे पाऊल टाक” असे सांगावे. जिन्यावर असलेल्या माणसाला हाक मारू नये.

स्वयंपाकघरात कामे एकाशेजारी एक न ठेवता एकामागून एक लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पोळ्या लाटून, पिठी भुरभुरून सुती कापडावर सुट्या पसरून ठेवायच्या आणि लाटणे बाजूला सारल्यावरच तवा तापवायचा, म्हणजे लाटणे व भाजणे यांत ओढाताण होत नाही. भाकरीला ही सोय नाही, कारण थापलेली भाकरी थांबत नाही. तेथे स्टुलावर बसून, आच मंद ठेवून, एक भाकरी तव्यावरून उतरल्याशिवाय दुसरीचे पीठ मळायला न घेणे हाच मार्ग उरतो, आणि खानदेशी घरात तो वेळकाढूपणा म्हणून हिणवला जाण्याची शक्यता गृहीत धरावी. दुचाकी चालवण्याविषयी मात्र तडजोड नसावी: गर्दीत एकाच क्षणी तोल, ब्रेक आणि शेजारच्या रिक्षाचा अंदाज सांभाळावा लागतो, म्हणून डॉक्टरांचा स्पष्ट होकार मिळेपर्यंत मागे बसून जावे.

रोजगाराबाबत, काम सोडण्याआधी मागांची संख्या कमी करून घेणे किंवा बसून कापडाचा ताका तपासण्याच्या कामावर बदली मागणे श्रेयस्कर, कारण फिरत्या यंत्राजवळ तोल जाणे जिवावर बेतू शकते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे, आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अनेक सवलतींसाठी लागते. अडचण अशी की जॉन कुर्ट्झके यांची 1983 पासून जगभर वापरात असलेली, अपंगत्व मोजणारी 0 ते 10 अंकांची श्रेणी मधल्या टप्प्यांत प्रामुख्याने किती अंतर चालता येते यावर बेतलेली आहे, त्यामुळे विभागलेल्या अवधानाची अडचण तिच्यात फारशी उमटत नाही. यासाठी रुग्णाने फिजिओथेरपिस्टकडे चालण्याची चाचणी एकदा गप्प राहून आणि एकदा वजाबाकी करत अशी दोनदा घेण्याचा आग्रह धरावा, दोन्ही वेळा आणि वजाबाकीतील चुका फाइलमध्ये तारखेसह लिहून घ्याव्यात, चाचणी सकाळी झाली की दुपारी याचीही नोंद करावी, आणि पुढील भेट शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेची मागून घ्यावी.