गोष्टीतली आई

बांदा

चि. बायो हिस अनेक आशीर्वाद.

आठवडा बाजारात एकाने मला थांबवून विचारलं, "ताय गेली काय हो? आमका कळलाच नाय." तुझी कथा दिवाळी अंकात आली, त्यातली 'मी' म्हणते की आई लहानपणीच वारली, गावात आता कोणी नाही. ताई माझ्या शेजारीच सोलं पारखत उभी होती. तिने नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

कथेतली 'मी' म्हणजे तू नव्हेस, हे मला शिकवू नकोस. 'कोसला' कादंबरी १९६३ची. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे लेखक नेमाडे नव्हेत, यावरून मी तरुणपणी मित्रांशी तावातावाने भांडलोय. पण पांडुरंग स्वतःला सांगत सांगतच घडतो ना? आणि सांगताना त्याने सांगवी टाकली नाही, धाकटी मनी गेल्याचं दुःख टाळलं नाही. तू तर जिवंत आईला मारलीस. कशाला गो?

पिंगुळीला तुला चित्रकथी दाखवायला नेलं होतं. ठाकर कलावंत पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. ती चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक सोलून काढायला गेलं की मागचंही फाटतं. तुझं आणि ताईचं तसंच आहे. आपल्या सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांनी इथल्याच कळसूत्री बाहुल्यांना हाताशी धरून 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' ही कादंबरी लिहिली. २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तिला. गाव पुसावं लागलं नाही त्यांना.

मुंबईत नोकरीला असताना कुणी गाव विचारलं की मी "गोव्याजवळ" म्हणून मोकळा व्हायचो. मालवणी तोंडातून काढायचो नाही. पुढे सुट्टीत घरी आलो की आयेशी बोलताना शब्द सापडेनात. ती म्हणायची, "काय रे, दमलंस?" मी हो म्हणायचो. ती गेली, आणि ते बोलणं राहिलं ते राहिलंच. म्हणून जीव घाबरा होतो. आपण आपल्याबद्दल जे सांगत राहतो, ते अंगात मुरतं बायो. आज कथेत आई नाही म्हणालीस, उद्या फोन करायचं राहील.

रागाच्या भरात फार लिहिलं. अंक मागवून मी कथा वाचली. तेरेखोलचं पाणी बाजारपेठेत शिरतं आणि शेजारीण कमरेइतक्या पाण्यातून तांदळाची पोती माळ्यावर चढवते, तो भाग दोनदा वाचला. २०१९चा पूर डोळ्यांपुढे आला. असं लिहिणारं आपल्या घरात दुसरं कोणी झालं नाही.

ताईलाही वाचून दाखवली. आई वारल्याची ओळ गाळायला गेलो, तर म्हणाली, "सगळा वाच." शेजारीण कोण, ते तिने लगेच ओळखलं.

शिमग्याला ये. पुढचं लिहिलेलं असेल ते घेऊन ये, कच्चं असलं तरी चालेल. त्या शेजारणीचं पुढे काय झालं, असं ताई रोज विचारते.

तुझा,
मामा