एका लॅपटॉपमधील दोन ड्राइव्ह : साठवणीची विभागणी

लॅपटॉपवर लिहिलेला मजकूर, त्यात साठविलेली छायाचित्रे आणि खुद्द यंत्र चालविणाऱ्या आज्ञावली या सर्वांना राहण्यास जागा लागते. ही जागा ज्या साधनात असते त्यास ड्राइव्ह म्हणतात. पुष्कळ लॅपटॉपांत एकच ड्राइव्ह असतो. काहींत मात्र दोन बसविलेले असतात. दोन ड्राइव्ह म्हणजे केवळ दुप्पट जागा, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक हे दोन ड्राइव्ह बहुधा एका जातीचे नसतात. म्हणून त्यांना सोपवावयाची कामेही एकसारखी नसतात. कोणती वस्तू कोठे ठेवावी, आणि दोन ड्राइव्ह असूनही कोणता धोका टळत नाही, याचा विचार या पाठात केला आहे.

१. ड्राइव्हच्या दोन जाती

पहिली जात फिरत्या तबकडीची. हिलाच हार्ड डिस्क म्हणतात. या जातीचे पहिले साधन आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची लॅपटॉपमधील हार्ड डिस्क तळहातावर मावते. परंतु तत्त्व तेच आहे. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा लेप असतो, आणि एका भुजेच्या टोकाशी असलेले शीर्ष तबकडीस न टेकता, अतिसूक्ष्म अंतरावरून तीवरील खुणा वाचते. चालू असताना धक्का बसल्यास शीर्ष तबकडीवर आदळण्याचा संभव असतो.

दुसऱ्या जातीस एस.एस.डी. म्हणतात. तिच्यात फिरणारा भाग मुळीच नाही. सिलिकॉनच्या चकतीवरील असंख्य सूक्ष्म कोठड्यांत विद्युत्भार कोंडून माहिती राखली जाते. ज्या फ्लॅश स्मृतीवर ही जात आधारलेली आहे, तिचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात लावला. एस.एस.डी. अतिशय शीघ्र असते. परंतु तेवढ्याच पैशात हार्ड डिस्कवर अधिक जागा मिळत आलेली आहे. यामुळेच दोन ड्राइव्हच्या लॅपटॉपात पुष्कळदा एक लहान एस.एस.डी. आणि एक मोठी हार्ड डिस्क अशी जोडी आढळते.

२. वेगातील अंतर

हार्ड डिस्क मिनिटास ५,४०० फेरे घेते असे धरू. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ११ हजारांश, लागतात. हवी ती खूण शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. भुजा सरकण्याचा वेळ मिळविला तर ही प्रतीक्षा सुमारे १५ मिलिसेकंदांवर जाते. एस.एस.डी.मध्ये तीच प्रतीक्षा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते.

एका वेळेपुरते हे अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु लॅपटॉप सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे ठिकठिकाणांहून वाचावे लागतात. असे १०,००० तुकडे एकामागून एक वाचावयाचे असतील, तर हार्ड डिस्कवर प्रतीक्षेतच १५० सेकंद जातील आणि एस.एस.डी.वर एकच सेकंद. याउलट चित्रपट सलग वाचला जातो; तेथे थांबण्याचे प्रसंग थोडे, म्हणून हार्ड डिस्कने काही बिघडत नाही.

यावरून कामाची वाटणी आपोआप ठरते. यंत्र चालविणाऱ्या आज्ञावली, नित्य वापरातील प्रोग्रॅम आणि हाती असलेले काम एस.एस.डी.वर ठेवावे, चित्रपट, छायाचित्रांचे संग्रह आणि जुने कागदपत्र हार्ड डिस्कवर ठेवावेत. मात्र एस.एस.डी. काठोकाठ भरू नये. तिच्यातील कोठड्या ठरावीक वेळाच पुसता येतात. तो भार सर्व कोठड्यांवर सारखा वाटण्यास तिला मोकळी जागा लागते.

३. हलविणे म्हणजे काय

ग्रंथालयात पुस्तक जागचे न हलविता सूचिपत्रातील त्याची नोंद दुसऱ्या विषयाखाली घेता येते. एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल हलविताना असेच घडते. म्हणून ते काम क्षणात होते आणि जागा मुळीच वाचत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर फाइल हलविणे म्हणजे मात्र पुस्तकाची नवी प्रत दुसऱ्या इमारतीत करून मग जुनी नष्ट करणे होय. यास्तव महत्त्वाच्या फायली प्रथम नकलून घ्याव्यात, नव्या जागी उघडून पाहाव्यात आणि मगच मूळ फायली पुसाव्यात. पुसलेली फाइल प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते. ते रिकामे करीपर्यंत जागा मोकळी होत नाही.

प्रोग्रॅमचे फोल्डर नुसते ओढून नेऊ नये. त्याच्या ठिकाणाची नोंद यंत्रात अन्यत्र असते, व ती चुकल्यास प्रोग्रॅम चालत नाही. तो रीतसर काढून नव्या ड्राइव्हवर पुन्हा बसवावा.

४. अक्षर आणि ड्राइव्ह

विंडोज प्रणालीत साठवणीच्या विभागांना सी, डी अशी अक्षरे देतात. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपी डिस्कसाठी राखलेली होती. म्हणून आरंभ सी-पासून होतो. येथे एक मोठी फसगत संभवते. एकाच ड्राइव्हचे दोन विभाग पाडून त्यांस सी आणि डी म्हणता येते. एखाद्या शाळेने हजेरीपटाची एक प्रत सी-वर व दुसरी डी-वर ठेवली आणि दोन्ही विभाग एकाच हार्ड डिस्कवर असले, तर ती डिस्क बिघडताच दोन्ही प्रती एकदम जातील. डिस्क मॅनेजमेंट या सोयीत डिस्क ०, डिस्क १ अशा निरनिराळ्या ओळी दिसतात. त्यांवरून खरी संख्या कळते.

५. सुरक्षिततेचा हिशेब

दोन ड्राइव्ह जोडून एकच मोठी साठवण करता येते. परंतु प्रत्येक ड्राइव्ह वर्षभर टिकण्याचा संभव शेकडा ९५ आहे असे मानले, तर दोन्ही टिकण्याचा संभव ०.९५ × ०.९५, म्हणजे शेकडा सुमारे ९० एवढाच राहतो. एक गेला की सामान्यतः सर्व साठवण निरुपयोगी होते. जागा वाढते आणि धोकाही वाढतो.

महत्त्वाच्या फायलींची प्रत दोन्ही ड्राइव्हवर ठेवणे हे यापेक्षा शहाणपणाचे होय. तथापि दोन्ही ड्राइव्ह एकाच पेटीत आहेत. लॅपटॉप चोरीस गेला, पाण्यात पडला किंवा विजेच्या आघाताने जळाला, तर दोन्ही एकदमच नाहीसे होण्याचा संभव असतो. म्हणून तिसरी प्रत लॅपटॉपच्या बाहेर आणि शक्य तर दुसऱ्या वास्तूत असावी. दोन ड्राइव्ह सोय वाढवितात. सुरक्षितता मात्र दूर ठेवलेल्या प्रतीनेच येते.

स्वाध्याय

१. तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेत असेल, तर अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतील?
२. फाइल त्याच ड्राइव्हवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविल्याने जागा का मोकळी होत नाही?
३. शाळेतील किंवा ग्रंथालयातील एका लॅपटॉपात खरोखर किती ड्राइव्ह आहेत ते पाहा, आणि त्यातील महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र आहे काय याची नोंद करा.