टीव्हीला सॉकेटे दोन, यंत्रे चार



विज्ञानाच्या या पाठासाठी आम्ही टीव्हीची मागची बाजू निवडली आहे. टीव्हीला एचडीएमआयची सॉकेटे दोन, आणि जोडायला सेटटॉप बॉक्स, गेमचे एक-दोन कन्सोल व साउंडबार, अशी अडचण आता बऱ्याच घरांत आहे. मुले गेम लावताना सेटटॉप बॉक्सची वायर उपसतात, परत लावायचे विसरतात, आणि संध्याकाळी आजीची मराठी मालिका लागत नाही. भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या घरांत मराठी वाहिनी हा कानांवर मराठी पडण्याचा रोजचा मार्ग आहे, म्हणून आम्हाला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. शिवाय रोजच्या उपसण्याने सॉकेट सैल होते ते वेगळेच.

चित्र आणि आवाज यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात, हे आपल्या भागाने फार पूर्वी पाहिले आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले गेले. त्यांत गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हाही होता. एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून चित्र एक येई, पण आवाजाच्या वाटा दोन असत. त्यामुळे त्याच चित्राबरोबर आंध्रात तेलुगू आणि कर्नाटकात कन्नड ऐकू येई.

पुढे २००२ साली एचडीएमआय आले आणि चित्र व आवाज एकाच वायरीतून जाऊ लागले. वाट मात्र एकाच दिशेची होती : यंत्राकडून टीव्हीकडे. २००९ साली त्यात ए.आर.सी. ही सोय आली. म्हणजे टीव्ही आपल्याकडे आलेला आवाज त्याच प्रकारच्या वायरीने साउंडबारकडे परत पाठवू शकतो. पण ही सोय बहुधा एकाच सॉकेटला असते व त्यावर तसे लिहिलेले असते. साउंडबार तिथे लावला की सॉकेट उरते एक!

इथे दुकानात घोटाळा होतो. ‘स्प्लिटर’ आणि ‘स्विच’ दिसायला सारखेच. स्प्लिटर एका यंत्राचे चित्र दोन टीव्हींना वाटतो. आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवा स्विच. वाडी जंक्शनला मुंबई, हैदराबाद आणि रायचूरकडच्या गाड्या येतात, पण एका फलाटावर एका वेळी एकच गाडी घेतात व त्यासाठी सांधा बदलतात. स्विच हा तसाच सांधा आहे. दोन्ही कन्सोल आणि सेटटॉप बॉक्स त्यात लावावेत, त्याची एक वायर टीव्हीच्या दुसऱ्या सॉकेटात द्यावी, आणि साउंडबारला ए.आर.सी.वरून हलवू नये.

स्विच न घेताही मार्ग निघतो. टीव्ही व साउंडबार दोन्हींना ‘ऑप्टिकल’ सॉकेट असेल तर आवाज त्या वायरीने न्यावा. एचडीएमआयचे दुसरे सॉकेट मोकळे होते. अॅटमॉससारखा नवा आवाज त्यातून जात नाही, आणि आवाज कमी-जास्त करायला बहुधा साउंडबारचाच रिमोट लागतो. साध्या घराला एवढे पुरते, असे आमचे मत. सेटटॉप बॉक्सला पिवळी-पांढरी-लाल वायर असेल आणि टीव्हीलाही तशी जागा असेल तर तीही चालेल, मात्र चित्र थोडे पुसट दिसेल. ब्लूटूथवर साउंडबार जोडल्यास आवाज मागे पडतो. मालिकेत टीव्ही तो बऱ्याचदा सांभाळून घेतो, गेममध्ये उडी आधी आणि आवाज नंतर.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सेकंदाला १२० चित्रे फोर-के मध्ये हवी असतील तर टीव्हीचे सॉकेट, वायर आणि स्विच तिन्ही त्या क्षमतेचे घ्यावे लागतात. मधले एक जरी जुने असले तरी वेग त्याचाच राहतो. स्वस्त स्विच इथेच अडतो.

शाळेसाठी टीव्हीची कोटेशने मागवताना विश्वस्तांनी इंचांबरोबर सॉकेटांची संख्या आणि ऑप्टिकल आहे की नाही, हे लिहून मागावे.

गृहपाठ : घरच्या टीव्हीमागची सॉकेटे पाहून त्यांची आकृती वहीत काढा आणि प्रत्येकाखाली काय जोडले आहे ते लिहा. त्याआधी मुख्य बटण बंद करा. टीव्ही भिंतीवर असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या.