पत्त्याच्या आधीचे चार बाइट

ये, बस. कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर सीएफआय (कंट्रोल-फ्लो इंटेग्रिटी) लावलेल्या लिनक्स कर्नलवर पडला म्हणून कंपायलरवर चिडू नकोस. आधी कॉलबॅक नोंदवताना केलेला तो कास्ट बघ.

मेमरीतला एक फंक्शन पॉइंटर हल्लेखोराच्या हाती लागला, की कर्नल तो सांगेल तिथे उडी मारतो. म्हणून क्लँग प्रत्येक फंक्शनच्या आधी त्याच्या प्रकाराचा ३२ बिटांचा हॅश ठेवतो आणि पॉइंटरमधून हाक मारण्यापूर्वी तो जुळतो का, हे तपासतो. तुझं फंक्शन इंट परत करतं, हाक मारणाऱ्याला व्हॉइड हवंय. इतकी वर्षं हे खपलं, आता खपणार नाही. मीही असे कास्ट बिनदिक्कत लिहायचो. ४.१५ च्या सुमारास टायमरचे सगळे कॉलबॅक बदलायला घेतले, तेव्हा हा खटाटोप कशाला, असं मला वाटलं होतं. चूक माझी होती. फंक्शनची सही बरोबर लिही, आपलं स्ट्रक्चर फंक्शनच्या आत कंटेनर-ऑफने मिळव.

दुसरं, फंक्शनच्या पत्त्यांची तुलना करताना तुझा कर्नल कोणता, हे आधी विचार. २०२१ मध्ये ५.१३ त आर्म-६४ साठी सीएफआय आलं, तेव्हा फंक्शनचा पत्ता घेतला की हाती यायची जंप टेबलमधली नोंद. मॉड्यूलचं टेबल वेगळं, म्हणून एकाच फंक्शनचे दोन पत्ते! वर्कक्यूमधली साधी तपासणीसुद्धा त्यामुळे सैल करावी लागली. झोपेतून उठल्यावर सीपीयूने कुठून सुरू करायचं, तो पत्ता फर्मवेअरला द्यायचा, तर फंक्शन-नोसीएफआय वापरून खरा पत्ता मिळवावा लागे. २०२२ च्या ६.१ पासून टेबलं गेली, पत्ता पुन्हा पत्ताच झाला. पण ५.१५ वर पॅच मागे नेणार असशील, तर हे सगळं जिवंत आहे.

असेंब्लीत लिहिलेल्या फंक्शनला पॉइंटरमधून हाक जात असेल, तर ‘टाइप्ड’ मॅक्रोनेच त्याची सुरुवात कर, नाहीतर त्याच्या पाठीशी हॅशच नसेल.

नोसीएफआयचा शिक्का दिसेल तिथे मारू नकोस बाळा. तेवढ्या फंक्शनमधून निघणाऱ्या सगळ्या हाका मग तपासणीविना जातात. आणि हे पहारे फक्त पुढे जाणाऱ्या हाकांवर आहेत. परतीच्या पत्त्यांसाठी आर्मवर शॅडो कॉल स्टॅक वेगळा लावावा लागतो.

पर्मिसिव्ह मोडमध्ये नुसते इशारे येतात, पॅनिक होत नाही. चाचणीला तो चालू ठेव, एकेक इशारा वाचून काढ. तुझा कास्ट काढलास, की पर्मिसिव्ह बंद कर आणि माझ्यासमोर बूट करून दाखव.