चार वाट्या दही

मुलांनो, थंडी पडली की आमच्या घरी दही नीट लागत नाही. मागच्या हिवाळ्यात त्यावरून वाद झाला. आजी म्हणाली, विरजण कमी पडतंय. आई म्हणाली, दोन टक्क्यांचं दूध नको, होल मिल्क आणा. मी म्हणालो, ओट्यावर गारठा आहे. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवू.

एका वेळी एकच गोष्ट बदला, असं शाळेत शिकवतात. त्या रीतीने नेहमीची एक आणि बदललेल्या तीन, अशा चार वाट्या लागतात. पण प्रत्येक निकाल एका वाटीशी एकच वाटी ताडून मिळतो. एक वाटी हलली की निकाल फसला!

आम्हीही चारच लावल्या, पण अशा (गुण १० पैकी, आजीने दिलेले):

१) होल, २ चमचे विरजण, ओव्हन : ९
२) होल, १ चमचा, ओटा : ४
३) दोन टक्के, २ चमचे, ओटा : ३
४) दोन टक्के, १ चमचा, ओव्हन : ८

आता बेरजा करा. दूध: १३ विरुद्ध ११. विरजण: १२ विरुद्ध १२. जागा: १७ विरुद्ध ७! प्रत्येक प्रश्नाला चारही वाट्या कामाला आल्या, दोन विरुद्ध दोन. आजी जरा खट्टू झाली.

कारणं पुष्कळ असली की अशी चाळणी फार उपयोगी पडते. प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ साली ११ गोष्टी फक्त १२ प्रयोगांत चाळायचा तक्ता दिला. सगळ्या जुळण्या करायच्या तर २०४८ प्रयोग!

अशा मांडण्यांच्या गणितात एक मराठी नाव आहे, तेही दह्याला शोभणारं: शरच्चंद्र श्रीखंडे. नागपुरात शिकून ते इथे नॉर्थ कॅरोलायनात आले, १९५० साली पीएच.डी. झाले. १०×१० च्या चौकटीत दोन प्रकारच्या दहा-दहा खुणा अशा भरायच्या, की आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक खूण एकदाच यावी आणि कुठलीही जोडी पुन्हा येऊ नये. हे अशक्य, असं ऑयलरचं १७८२ पासूनचं अनुमान होतं. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ साली ते खोटं ठरवलं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात शिकवत. २०२० साली, १०२ व्या वर्षी वारले.

आमच्या तक्त्यात मात्र एक गोम आहे. ओव्हनमधल्या वाट्या बघा: एकीत होल दूध आणि जास्त विरजण, दुसरीत दोन्ही कमी. दूध-विरजणाच्या जोडीचाच काही परिणाम असेल, तर तो ओव्हनच्या खात्यावर जमा होतो. आजीने हे बरोबर पकडलं! म्हणून उरलेल्या चार वाट्याही लावायच्या आहेत. त्या कोणत्या, ते तक्ता करून पुढच्या रविवारी वर्गात आणा.