गॅननच्या दारात उभी आहेस ना, मग ऐक

अगं, आधी तो कंट्रोलर खाली ठेव आणि घोटभर पाणी पी. तुझा मेसेज वाचला. 'ताई, सगळं झालंय, फक्त शेवट उरलाय आणि तोच मला खेळायचा नाहीये.' 'ऑकारिना ऑफ टाइम'च्या शेवटाशी येऊन असं म्हणणारी तू काही पहिली नाहीस. जंगलाच्या मंदिरापासून वाळवंटातल्या मंदिरापर्यंत सगळी मंदिरं पार केलीस, त्या पाण्याच्या मंदिरातून डोकं शाबूत ठेवून बाहेर आलीस, आणि आता लाव्हाच्या दरीवर तरंगणारा किल्ला बघून तुझे हात गार पडलेत. खरं सांगू का? हात गार पडावेत म्हणूनच तो तसा बांधलाय. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते: त्या किल्ल्यात नवीन शिकण्यासारखं फारसं काही नाही. जे लागतं ते तुला येतं. तू दमलीयेस आणि धास्तावलीयेस, इतकंच.

आधी तुझी जिवाच्या बदामांची काळजी मिटवू. वीस भरले नाहीत म्हणून तू रडवेली झालीयेस ना? सुरुवातीचे तीन, आठ बॉसकडून मिळालेले आठ, म्हणजे अकरा तुझ्याकडे आहेतच. बाकीचे नऊ 36 तुकड्यांत विखुरलेले, आणि ते सगळे गोळा करायला बसलीस तर दिवाळी उजाडेल. अकरा-बारा बदामांत गॅनन पडतो. त्या तुकड्यांच्या पाठी लागू नकोस.

त्यापेक्षा जादूच्या पट्टीकडे लक्ष दे. डेथ माउंटनच्या विवरात एक ग्रेट फेअरी आहे, हातोड्याने दगड फोडून तिच्यापाशी जायचं. ती पट्टी दुप्पट करून देते. हे अजून केलं नसशील तर आजच कर, कारण राजकन्या झेल्डाने दिलेला लाइट ॲरो आगीच्या बाणाच्या दुप्पट जादू खातो आणि शेवटी सगळा खेळ त्याच बाणावर चालतो. ऐन मोक्याला बाण हातात आणि पट्टी कोरडी, असं व्हायला नको.

आता बाटल्या. चारही असतील तर दोन बाटल्यांत लहान परी धरून ठेव. जीव संपला की परी आपणहून बाहेर येऊन बदाम भरते, तुला काही दाबावं लागत नाही. तिसरीत निळं औषध, ते बदाम आणि जादू दोन्ही भरतं. आणि चौथी, बघ, मुद्दाम रिकामी ठेव. किल्ल्यातल्या पाण्याच्या वाटेवर लाल बर्फ वाट अडवतो, तो निळ्या आगीनेच वितळतो, आणि ती आग भरून न्यायला रिकामी बाटली लागते. मी सुगृहिणीसारख्या चारही बाटल्या काठोकाठ भरून गेले होते. मग काय, ऐन बर्फासमोर उभं राहून चांगलं निळं औषध उगाच पोटात रिचवलं.

किल्ल्यात शिरलीस की सहा वाटा दिसतात, सहा ऋषींच्या सहा. प्रत्येकीच्या टोकाला एक गोळा, त्यावर लाइट ॲरो मारायचा की मधल्या मनोऱ्याभोवतीचा त्या वाटेचा पडदा विरतो. खेळात क्रमाची सक्ती नाही, पण माझं ऐकशील तर सावलीची वाट आधी कर. तिथल्या पेटीत गोल्डन गॉन्टलेट्स आहेत. ते हातात नसतील तर आग आणि प्रकाश या दोन्ही वाटांवर वाटेतला अवाढव्य खांब हलत नाही, आणि तू अर्धा तास भिंती चाचपत बसशील. आगीच्या वाटेवर लाल अंगरखा घालायला विसरू नकोस. प्रकाशाच्या वाटेवर अडलीस तर ऑकारिना काढून झेल्डाची अंगाई वाजव. बाकीचं तुझं तुला कळेल, इतक्या मंदिरांत कळलं तसं.

गॉन्टलेट्स मिळाले की मात्र एकदा किल्ल्याबाहेर ये. हो, बाहेर, उलट्या पावली. किल्ल्याजवळच तसलाच एक मोठा खांब आहे, तो उचलून फेक, मागे आणखी एक ग्रेट फेअरी आहे. ती बदामांभोवती पांढरी किनार काढून देते आणि त्यानंतर प्रत्येक माराचं नुकसान निम्मं होतं. कितीतरी जणी घाईघाईत हिला न भेटताच वर जातात, आणि मग म्हणतात गॅनन फार कठीण. अकरा बदाम असे बावीसच्या तोलाचे होतात गं. ही पंधरा मिनिटांची वाकडी वाट चुकवू नकोस.

मग मनोरा. जिना चढायला लागलीस की ऑर्गन ऐकू येतो, आणि प्रत्येक मजल्यावर तो वाढत जातो. वरच्या खोलीत गॅनॉनडॉर्फ स्वतः वाजवत बसलाय. घाबरवण्याच्या बाबतीत अख्ख्या खेळातली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे, आणि तिच्यात राक्षस एकही नाही, नुसता आवाज. फारच धडधडायला लागलं तर टीव्हीचा आवाज कमी कर, मी काही म्हणणार नाही. वाटेत आधी दोन डायनॉल्फॉस, मग दोन स्टॅलफॉस, आणि हे स्टॅलफॉस पडले की बॉसच्या दाराची किल्ली मिळते. त्यापुढे दोन आयर्न नकल. त्यांच्याशी मात्र सबुरीने घे. ते एकदम अंगावर येत नाहीत, एकाला उठव, त्याला संपव, मग दुसऱ्याकडे वळ. कुऱ्हाड उगारली की मागे सर आणि ती खाली आली की वार कर. त्यांच्या नादात परी खर्च झाली तर जिवाला लावून घेऊ नकोस.

वरच्या दाराआधी एक खोली आहे, नुसती मडक्यांनी भरलेली. सगळी फोड. घरी एक कप फुटला तरी आई अजून बोलते, इथे कुणी बोलणार नाही. बदाम आणि बाण भरून घे. स्विचवर खेळतेयस ना? मग दार उघडण्याआधी सस्पेंड पॉइंट करून ठेव. 1998 साली निन्टेन्डो 64 वर खेळणाऱ्यांना ही सोय नव्हती, म्हणून ते नाक मुरडतील. मुरडू देत. तुला सकाळी ऑफिस आहे.

आता मुख्य गोष्ट. गॅनॉनडॉर्फ समोर आला की नावी, तुझ्यासोबतची ती परी, सांगते की अंधाराच्या लहरींमुळे तिला जवळ येता येत नाही. म्हणजे काय, तर टार्गेट लागत नाही. अख्खा खेळ तू झेड-टार्गेटच्या जिवावर खेळलीस, बटण दाबलं की नजर शत्रूवर खिळायची, आणि ऐन शेवटी तेच काढून घेतलंय. पहिल्यांदा बहुतेक जणी इथे गडबडतात. कॅमेरा भलतीकडे, तो भलतीकडे, आणि आपण रागारागाने बटणं दाबत. असं झालं की हलू नकोस. थांब. त्याला बघत राहा. तो हात वर करून विजेचा गोळा फेकेल, आणि तो गोळा तलवारीने परतवायचा.

बघ, हे तू केलंयस. जंगलाच्या मंदिरात चित्रांतून घोड्यावर बसून येणारा फँटम गॅनन आठवतोय? खाली उतरल्यावर तो हाच खेळ खेळला होता, बॅडमिंटनच्या शटलसारखी टोलवाटोलवी. इथे तेच आहे, फक्त खोली मोठी आणि माणूस खरा. गोळा लांबून येतो, त्यामुळे तलवार घाईने फिरवू नकोस, अगदी जवळ आला की फिरव. आणि गंमत सांगू? रिकामी बाटली फिरवली तरी गोळा परत जातो. खरंच! जगाच्या वैऱ्याला बाटलीने हरवता येईल अशी सोय कुणीतरी ठेवलीये आणि तिचा उल्लेख कुठेच केला नाहीये, म्हणून मला हा खेळ बनवणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. ती चौथी बाटली अशी दोनदा कामाला येते.

गोळा त्याला लागला की तो क्षणभर लुळा पडतो. तेव्हाच लाइट ॲरो. बाण लागला की तो खाली कोसळतो, मग मधली फट उडी मारून ओलांड आणि तलवार चालव. एवढंच चक्र, पुन्हा पुन्हा. मधेच तो उडी घेऊन जमिनीवर आपटतो आणि फरशा ढासळतात. खालच्या मजल्यावर पडलीस तर आरडाओरडा करू नकोस, भिंतीला धरून वर चढता येतं. पुढे पुढे तो डोक्यावर मोठा काळा गोळा साठवतो आणि एकदम बरेच गोळे सोडतो. तलवारीचं बटण दाबून धर, भरलेला गोल वार तयार ठेव, आणि गोळे जवळ आले की सोड. सगळे परत जातात. पहिल्या एक-दोन वेळा चुकेल. चुकू दे, दोन पऱ्या कशासाठी नेल्यात?

तो पडला की किल्ला कोसळायला लागतो आणि तीन मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. पुरेशी आहेत गं. पुढची फाटकं झेल्डाच उघडते, त्यामुळे तिला मागे टाकून धावण्यात काही मतलब नाही. एका जागी ती आगीच्या वेढ्यात अडकेल आणि तुझ्यापुढे दोन स्टॅलफॉस येतील, ते पडले की वेढा सुटतो.

बाहेर आलीस, शांत झालं, हुश्श केलंस, आणि ढिगाऱ्याखालून आवाज येतो. हा गॅनॉनडॉर्फच, पण आता राक्षसी रूपातला गॅनन. डुकरासारखं तोंड, दोन्ही हातांत तलवारी, भोवती आगीचं कडं, आणि पहिल्याच फटक्यात तुझी मास्टर सोर्ड कड्याबाहेर जाऊन पडते. अगं, इथे माझ्या तोंडून नको तो शब्द गेला होता आणि शेजारच्या खोलीत सासूबाई होत्या. पण गोंधळू नकोस. या वेळी नावी सोबत आहे, टार्गेट लागतं. तलवार नाही तर अग्निमंदिरातला हातोडा आहे, तो सगळ्यांकडेच असतो. देवाणघेवाणीची ती लांबलचक साखळी पूर्ण करून बिगोरॉनची तलवार मिळवली असशील तर काम आणखी सोपं. मेडिगोरॉनकडे 200 रुपीला मिळणारा जायंट्स नाइफ मात्र घेऊ नकोस, तो थोड्या वारांत तुटतो. मी मोठ्या हौसेने घेतला होता आणि पहिल्याच संध्याकाळी मुठीला चार बोटं पातं उरलं.

त्याच्यावर समोरून वार करत बसू नकोस, जागा शेपटीची आहे. तोंडावर लाइट ॲरो मार, तो थबकतो, तेवढ्यात मागे पळ आणि शेपटीवर हाण. जादू संपली तर त्याच्या दोन पायांमधून गडगडत पलीकडे जा, तरी चालतं. पुरेसे वार बसले की आगीचं कडं विझतं आणि झेल्डा हाक मारते. पळत जा, आपली तलवार उचल, परत ये. मग पुन्हा तेच, शेपटी आणि शेपटी. शेवटी झेल्डा त्याला प्रकाशाने जखडून ठेवते. तेव्हा हातात मास्टर सोर्डच हवी, बाकी कशानेही तो संपत नाही.

नंतर नावं सरकताना उठून भांडी घासायला जाऊ नकोस, बघत बस. सगळं संपल्यावर पडद्यावर 'दि एंड' येतं आणि खेळ तिथेच थांबून राहतो. बटणं दाबून काही होत नाही, बिघडलंय असं समजून मला रात्री दीडला फोन करू नकोस, सरळ बंद कर. दुसऱ्या दिवशी फाइल उघडलीस की गॅनन परत जिवंत असेल आणि तू लढाईच्या अलीकडे. तेही बरोबरच आहे, तुझं काही पुसलं गेलेलं नाही. त्या उरलेल्या तुकड्यांच्या पाठी लागायचं तर तेव्हा लाग, पण त्याआधी बिगोरॉनची तलवार मिळव.