केंटकी : जिंकलेल्या बाजूचे गुलाम

शाळेत असताना इतिहासाच्या पेपरात हमखास एक मार्काचा प्रश्न यायचा. अमेरिकेतील गुलामांना कोणी मुक्त केले? उत्तर : अब्राहम लिंकन, सन १८६३. मार्क मिळायचा, विषय संपायचा. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'अंकल टॉम्स केबिन'ची छोटी आवृत्ती पण वाचायला होती. त्यातला टॉम केंटकी राज्यातला, मालक कर्जात बुडाल्यामुळे विकला गेलेला. मला वाटायचं, चला, १८६३ नंतर केंटकीतले सगळे टॉम सुटले असणार.

नाही सुटले! या सुट्टीत जरा खोलात जाऊन वाचलं तेव्हा कळलं की लिंकनच्या त्या जाहीरनाम्याने केंटकीतला एकही गुलाम मुक्त झाला नाही. कारण काय, तर केंटकी लिंकनच्या बाजूने होतं! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका सांभाळून घ्या. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर ओहायो नदी. नदीच्या पलीकडे ओहायो, इंडियाना, इलिनॉय ही राज्यं, तिथे गुलामगिरीला बंदी. खाली टेनेसी आणि मग सगळा कापसाचा दक्षिण मुलुख. मध्ये केंटकी. १८६० च्या जनगणनेत इथे साडेअकरा लाखांवर लोक होते आणि त्यातले २,२५,४८३ गुलाम होते. म्हणजे साधारण पाचात एक. शेती मुख्यतः तंबाखूची आणि दोरखंडाला लागणाऱ्या हेम्पची. शिवाय गुलामांना खाली मिसिसिपीकडच्या कापसाच्या मळ्यांसाठी विकणे हा एक मोठा धंदाच होता. आपल्याला मॅथ्सचे सर नेहमी सांगतात ना, की समीकरण मधल्या भागात कोणीही सोडवतो, खरा त्रास बाउंडरी कंडिशनला असतो. केंटकी म्हणजे बाउंडरी कंडिशन.

योगायोग बघा. लिंकनचा जन्म केंटकीतला, १८०९ चा. आणि दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, त्याचाही जन्म केंटकीतलाच, १८०८ चा! दोन्ही गावांत अंतर सुमारे शंभर मैल. सिनेटर क्रिटेंडन यांचा एक मुलगा उत्तरेकडून जनरल, दुसरा दक्षिणेकडून. खुद्द लिंकनची बायको केंटकीतल्या लेक्सिंग्टनची. तिच्या सावत्र बहिणीचा नवरा, म्हणजे लिंकनचा चक्क साडू, दक्षिणेच्या सैन्यात जनरल होता आणि १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत मेला. त्याची विधवा नंतर व्हाइट हाउसमध्ये राहायला आली. त्या घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल, कल्पनाच करवत नाही.

१८६१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा केंटकीने सांगितलं, आम्ही कोणाकडूनच नाही, आम्ही तटस्थ. आपल्या हॉस्टेलमध्ये दोन विंगचं भांडण लागलं की काही जण दार लावून अभ्यास करतात तसं. ते चाललं मे ते सप्टेंबर. मग दक्षिणेच्या जनरल पोकने मिसिसिपीकाठचं कोलंबस गाव ताब्यात घेतलं, दोन-तीन दिवसांत उत्तरेचा ग्रँट पडुकात शिरला, आणि विधिमंडळाने दक्षिणेच्या फौजांना निघून जायला सांगितलं. दक्षिणवाल्यांनी मग राज्यात आपलं वेगळं सरकार मांडलं आणि त्यांच्या झेंड्यावर केंटकीचा एक तारा धरला तो धरलाच. लढाया झाल्या, त्यातली पेरिव्हिलची (८ ऑक्टोबर १८६२) सगळ्यात मोठी, एका दिवसात दोन्ही बाजू मिळून सात हजारांवर मृत, जखमी, बेपत्ता. ते असो. मला लढायांपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं.

केंटकी हातचं गेलं तर सगळा डावच गेल्यासारखं होईल, असं लिंकनने सप्टेंबर १८६१ मध्ये एका मित्राला पत्रात लिहिलं होतं. म्हणून तो तिथल्या मालकांना दुखवायला तयार नव्हता. १८६२ मध्ये त्याने सीमेवरच्या राज्यांना सुचवलं, हळूहळू गुलाम सोडा, सरकार पैसे देईल. केंटकीने ऐकलं नाही. आणि १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यात फक्त बंड केलेल्या प्रदेशातले गुलाम मुक्त झाले. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' असतं, तसंच! मालक सरकारशी एकनिष्ठ, म्हणून गुलाम गुलामच. याला काय न्याय म्हणायचं?

वाट एकच उघडी झाली, तीही १८६४ मध्ये. सैन्यात भरती व्हा आणि मोकळे व्हा. एकनिष्ठ मालकाला ३०० डॉलर्सपर्यंत भरपाईचं आश्वासन. केंटकीतून जवळजवळ चोवीस हजार कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. लुइझियाना सोडलं तर एवढे कुठल्याच राज्यातून नाहीत. यातले दहा हजारांवर कॅम्प नेल्सन नावाच्या छावणीत तयार झाले. पण मुक्त कोण, तर फक्त सैनिक. त्याची बायको-मुलं मालकाचीच राहिली. मालकाच्या रागाला भिऊन ती त्याच्या मागोमाग छावणीत आली आणि झोपड्या बांधून राहिली.

नोव्हेंबर १८६४ मध्ये छावणीच्या जनरल फ्रायने हुकूम दिला, या सगळ्यांना बाहेर काढा. कडाक्याच्या थंडीत सुमारे ४०० बायका-मुलांना गाड्यांत भरून हाकललं आणि झोपड्या जाळून टाकल्या. त्यातली १०२ माणसं मेली.

जोसेफ मिलर हा त्यातल्या एका कुटुंबाचा बाप. भरती होताना अधिकाऱ्याने त्याला सांगितलं होतं की तुझी बायको आणि चार मुलं छावणीत राहू शकतील. त्याचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. मिलरने पहारेकऱ्याला विनवलं की पोराला या थंडीत नेलं तर ते मरेल. पहारेकऱ्याने सांगितलं, गाडीत चढले नाहीत तर सगळ्यांना गोळ्या घालीन. रात्री मिलर सहा मैल चालत निकोलसव्हिलला गेला. तिथे एका जुन्या प्रार्थनाघरात सगळी माणसं कोंबलेली, शेकोटी एकच, आणि गर्दीमुळे त्याच्या बायको-मुलांना तिच्याजवळही जाता येत नव्हतं. मुलगा गाडीतून उतरवल्यावर लगेच मेलेला होता. मिलरला त्याच रात्री छावणीत हजर व्हायचं होतं, म्हणून तो चालत परत गेला. सकाळी पुन्हा चालत आला, स्वतः खड्डा खणला आणि पोराला पुरलं. हे सगळं त्याने २६ नोव्हेंबरला शपथेवर सांगितलं. लिहिता येत नव्हतं म्हणून खाली सहीऐवजी फुली आहे. मी हे वाचत होते तेव्हा रूममेटने जेवायला हाक मारली, मी गेले नाही.

ही बातमी वर्तमानपत्रांत छापून आली आणि बोंबाबोंब झाली. मग मात्र सरकार हललं. हाकललेल्या लोकांना परत आणून त्यांच्यासाठी निवारा उभारायचं ठरलं, आणि ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने कायदा केला की सैनिकांच्या बायका-मुलांनाही स्वातंत्र्य. मिलर तो बघायला नव्हता. जानेवारीतच तो गेला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला, लिंकनचा खून झाला, युद्ध संपलं. केंटकीत गुलामगिरी चालूच! मेरीलँड आणि मिसुरी या सीमा-राज्यांनी तोपर्यंत आपणहून ती बंद केली होती. केंटकीच्या विधिमंडळाने मात्र गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती फेब्रुवारीतच फेटाळली होती. शेवटी डिसेंबर १८६५ मध्ये इतर राज्यांच्या मतांवर ती मंजूर झाली, तेव्हा केंटकी आणि डेलावेअरमधले उरलेले गुलाम सुटले. म्हणजे बंड केलेल्या टेक्ससमधल्या गुलामांनाही केंटकीच्या आधी सुटकेची बातमी मिळाली होती, जूनमध्येच.

(आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केलं, ते गुलामांना सोडवण्यासाठी झटलेले लोक. केंटकीचं विधिमंडळ त्यात बसत नाही.)

त्या विधिमंडळाने तेराव्या घटनादुरुस्तीला औपचारिक मंजुरी दिली ती १९७६ मध्ये, म्हणजे एकशे दहा वर्षं उशिरा. आपल्या सबमिशनला एवढी मुदतवाढ कोणी देत नाही! मधल्या काळात एक विचित्र गोष्ट झाली. जिंकलेल्या बाजूला असूनही या राज्याला हरलेल्या बाजूचं प्रेम वाटू लागलं. डेव्हिसच्या जन्मगावी, फेअरव्ह्यूला, ३५१ फुटांचा मनोरा १९२४ मध्ये पुरा झाला. फ्रँकफर्टच्या विधानभवनात लिंकन आणि डेव्हिस दोघांचे पुतळे एकाच घुमटाखाली उभे होते. डेव्हिसचा पुतळा तिथून २०२० मध्ये हलवला. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१८ मध्ये, कॅम्प नेल्सनची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.